आठ आण्यांचे तीन आणे झाले तेव्हा

हक्कसोडपत्राचा मसुदा तीन पानांचा होता. पहिल्या पानावर ‘लिहून घेणार’ म्हणून थोरल्या दिराचं नाव. ‘लिहून देणार’ म्हणून तिचं, एकोणीस वर्षांच्या मुलीचं, आणि खाली ‘अज्ञान (म्हणजे अठराच्या आतल्या) मुलातर्फे पालनकर्ती आई’ म्हणून पुन्हा तिचंच. शेवटच्या पानावर नेहमीची ओळ: खुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय. तिथे पेन्सिलीने तीन फुल्या मारून दिल्या होत्या. सह्या कुठे करायच्या ते कळावं म्हणून.

“दादा म्हणाले, नुसती फॉर्मॅलिटी आहे. सही करण्याआधी एकदा वाचून दाखवाल का?” वकील म्हणून माझ्याकडे एवढंच तिचं काम होतं.

मी तारीख विचारली. मसुद्याची नव्हे, नवरा गेला ती. तिला वाटलं मी सांत्वन करतोय. मी बोटांवर मोजत होतो. दोन वर्षं आठ महिने झाले होते. म्हणजे हातात चार महिने उरले होते आणि हे तिला, दिराला किंवा मसुदा टाइप करून देणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

(हे लिहिताना दोन-तीन घरांची प्रकरणं एकत्र करून एक घर केलं आहे आणि आकडे गोल केले आहेत. कायदा आहे तसाच ठेवला आहे.)

घर असं. वडील १९९८ साली वारले, मृत्युपत्र नव्हतं. मागे आई, दोन मुलगे, एक लग्न झालेली मुलगी. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या प्लॉटवर दोघा भावांनी पुढे फॅब्रिकेशनचं वर्कशॉप काढलं. भागीदारी निम्मी-निम्मी, लेखी करारनामा, फर्मची रीतसर नोंदणी. धाकटा बाहेरची कामं आणि वसुली बघायचा, थोरला शॉपफ्लोअर. धाकट्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला. त्याचंही मृत्युपत्र नव्हतं. मागे बायको, मुलगी, आता बारा वर्षांचा झालेला मुलगा आणि आई.

थोरला वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. तेरावं झालं त्या दिवसापासून दर महिन्याच्या पाच तारखेला तो पंधरा हजार रुपये रोख पाकिटातून आणून देत होता. एकही महिना चुकला नाही. तिने हिशोबाचं नाव काढलं की मात्र म्हणायचा, “हिशोब कसला, घरातलंच तर आहे.” वर्षश्राद्धापर्यंत कोणी विषय काढला नाही. नंतर मुलीची ॲडमिशन आली, मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. अशीच बत्तीस पाकिटं झाली.

आता त्या चार महिन्यांचं.

भागीदार वारला की भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ४२ प्रमाणे फर्म विसर्जित होते, करारात उलट काही लिहिलं नसेल तर. यांच्या करारात लिहिलं होतं: ‘कोणत्याही भागीदाराच्या मृत्यूने फर्म बंद न होता वारसास घेऊन चालू राहील.’ सगळे याच कलमावर विसंबून होते. पण भागीदार दोनच असतील तर या वाक्याचा उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली शेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या प्रकरणात सांगितलं की दोघांपैकी एक गेला की भागीदारीच उरत नाही, मग वारसाला घ्यायचं कशात? एकट्याची भागीदारी नसते. थोरल्याला धाकट्याच्या बायकोला नव्याने भागीदार करून घेता आलं असतं, पण तो नवा करार झाला असता. तसा काही झाला नाही.

म्हणजे ज्या पहाटे धाकटा गेला त्याच पहाटे फर्मही गेली. विसर्जित फर्मचा हिशोब आणि नफ्यातला हिस्सा मागायचा दावा मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ५ प्रमाणे विसर्जनाच्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो. तीन वर्षं आणि एक दिवस झाला की न्यायाधीश हळहळतील, पण दावा घेणार नाहीत.

“पण दादा दर महिन्याला देतायत ना?” तिने विचारलं. प्रश्न चांगला होता. समोरच्याने मुदत संपायच्या आत सहीनिशी लेखी कबुली दिली तर मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. पाकिटातल्या रोख पैशांना लेखी काहीच आधार नव्हता. पाकिटावर ‘सप्टें.’ असं महिन्याचं नाव पेनने लिहिलेलं असायचं, तेही थोरल्याच्या मुलाच्या अक्षरात. कोर्टात त्याची किंमत घरखर्चाला केलेली मदत, एवढीच.

या प्रकारच्या घरांत मला नेहमी हेच उलटं दिसतं. भांडण पेटतं जागेवरून. आणि जागेला घाई नसते: एका सहमालकाचा ताबा हा सगळ्यांचा ताबा धरला जातो, उघडपणे हक्क नाकारला जाईपर्यंत वाटपाच्या दाव्याची मुदत सुरूही होत नाही. धंद्याचा हिशोब मात्र कोणी मागत नाही, कारण ते ‘बरं दिसत नाही’. मुदत नेमकी तिथेच धावत असते.

जागेचं तिच्या मनात पक्कं होतं. दोन भाऊ, निम्मा प्लॉट आपला, आठ आणे. थोरल्याच्याही मनात तेच होतं, म्हणून तर हक्कसोड मागत होता. मी कागदावर सोळा आणे मांडले. जुन्या सातबाऱ्यांवर हिस्से आणे-पैत लिहायचे, ती रीत अजूनही डोक्यात लगेच बसते.

वडील १९९८ ला गेले. स्वकष्टार्जित मालमत्ता, मृत्युपत्र नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस चार: विधवा, दोन मुलगे आणि मुलगी. प्रत्येकी चार आणे. मुलीचे चार आणे ऐकून ती चमकली. “पण वन्संचं लग्न तर आधीच झालेलं, आणि मुलींना हक्क २००५ नंतर मिळाला ना?” हा गैरसमज वकिलांच्या बार रूममध्येही ऐकू येतो. २००५ ची दुरुस्ती आणि तिचा अर्थ लावणारा २०२० चा विनीता शर्मा निकाल, दोन्ही वडिलोपार्जित सहदायकी, म्हणजे जन्मानेच हक्क मिळणाऱ्या, मालमत्तेबद्दल आहेत. बापाच्या स्वतःच्या कमाईत मुलीला १९५६ पासून मुलाइतकाच वाटा आहे, लग्न झालेलं असो वा नसो. प्रॉपर्टी कार्डावर ताईचं नाव कधी चढलंच नव्हतं, पण त्याने काही बिघडत नाही. तो अभिलेख महसुलासाठी असतो. मालकी त्यातून जन्मत नाही आणि मरतही नाही.

पुढची पायरी. धाकट्याच्या चार आण्यांचे पुन्हा चार वारस: बायको, मुलगी, मुलगा आणि आई. मुलाच्या मिळकतीत आई पहिल्या वर्गाची वारस आहे, हे कोणाच्या ध्यानात नसतं. (बाप नसतो, तो दुसऱ्या वर्गात. हे ऐकून बापांचे चेहरे बघण्यासारखे होतात.) प्रत्येकी एक आणा. बेरीज अशी झाली: आई पाच आणे, थोरला चार, ताई चार, आणि धाकट्याची बायको, मुलगी, मुलगा मिळून तीन.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. आठाचे तीन झाले होते. मग म्हणाली, “म्हणजे दादांचेही चारच?” हो, चारच. ती पहिल्यांदा थोडं हसली.

आता मसुदा. तिची आणि मुलीची सही कायद्याने चालली असती, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झाली असती तर. मुलाच्या नावापुढची तिची सही मात्र पोकळ होती. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकालाही अज्ञान मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय देता येत नाही. आणि परवानगी देताना न्यायालय बघतं की यात मुलाचा उघड फायदा किंवा गरज आहे का. ‘प्रेमापोटी, विनामोबदला’ सोडलेल्या हिश्शात बारा वर्षांच्या मुलाचा कसला फायदा? परवानगीशिवाय केलेलं हक्कसोडपत्र त्या मुलाला सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत रद्द करून मागता येतं. थोरल्याने त्या कागदावर बँकेकडून शेडसाठी कर्ज काढलं असतं, तर नऊ वर्षं तो टांगत्या तलवारीखाली बसला असता. हा मुद्दा मी पुढे त्याच्याच वकिलाला सांगितला आणि मसुदा परत आला नाही.

नॉमिनीची गोष्ट अजून किचकट होती, कारण ती दोन ठिकाणी होती आणि दोन्हीकडे चुकीचं नाव होतं.

धाकट्याने विमा पॉलिसी लग्नाआधी घेतली होती. नॉमिनी: थोरला भाऊ. नंतर बदलायची राहून गेली. दहा लाख थोरल्याच्या खात्यात आले आणि अर्ध्यात अडकलेल्या ऑर्डरचा माल त्यातून उचलला गेला. त्याचं प्रामाणिक मत होतं की नाव त्याचं, म्हणून पैसे त्याचे. सर्वोच्च न्यायालय सरबती देवीच्या निकालापासून, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ सांगत आलंय की नॉमिनी हा पैसे घेणारा हात आहे, मालक वारस असतात. विमा कायद्यात २०१५ साली फरक झाला: आईवडील, नवरा किंवा बायको, किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांच्याच हक्काचे होतात. भाऊ या यादीत नाही. म्हणजे यांच्या घरात विम्यावर आईचं नाव असतं तर सगळे दहा लाख आईचे झाले असते, बायकोचं असतं तर बायकोचे. भावाचं होतं, म्हणून चौघा वारसांचे. प्रॉव्हिडंट फंडात हा घोळ होत नाही, तिथे कुटुंब नसताना केलेलं नामनिर्देशन कुटुंब झालं की आपोआप निकामी होतं. विम्यात तसं नाही, फॉर्म स्वतः बदलावा लागतो.

दुसरं नाव धाकट्याच्या राहत्या फ्लॅटवर. सोसायटीत नॉमिनी आई. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सरळ सांगितलं, “आता फ्लॅट आजींचा.” महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली आलेलं कलम १५४ब-१३ त्यांना दाखवलं. नॉमिनीला तात्पुरतं सदस्य करून घ्यायचं, खरे वारस कागद घेऊन येईपर्यंत. सेक्रेटरी सज्जन होते, त्यांनी कलमाची झेरॉक्स मागून घेतली.

पण फ्लॅटमध्ये आईचे चार आणे खरोखरचे होते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच होती. आई थोरल्याकडे राहायची, वय अठ्ठ्याहत्तर. तिने काही न लिहिता डोळे मिटले तर तिचा वाटा सुनेकडे येत नाही. तो जातो तिच्या मुलांकडे: थोरला, ताई, आणि धाकट्याच्या वतीने त्याची दोन मुलं. म्हणजे ही बाई ज्या घरात राहते त्या घरात दीर आणि नणंद सहमालक. आज गोडी असेल, पण उद्या त्यांच्याही वारसांची नावं लागतील.

बँकेचं पत्र तिने पर्समधून सर्वात शेवटी काढलं. फर्मच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे धंद्यासाठीच्या कर्जखात्याला, धाकट्याची वैयक्तिक हमी होती आणि बँकेने ‘वारस या नात्याने’ तिच्याकडे पूर्ण रक्कम मागितली होती. रात्र-रात्र झोप लागत नव्हती म्हणाली. हे सोपं होतं. वारस देणं लागतो ते मयताकडून मिळालेल्या मिळकतीपुरतं, स्वतःच्या पगारातून किंवा स्त्रीधनातून नाही. शिवाय मृत्यूनंतर फर्मने केलेल्या व्यवहारांना मयताची मिळकत जबाबदार नसते. थोरला तेच खातं वापरत होता, त्यात भरणाही करत होता. मृत्यूच्या दिवशीची बाकी किती होती आणि त्यानंतर भरणा किती झाला याचा उतारा मागणारं पत्र पाठवलं. बँकेने उतारा दिला आणि पुन्हा पत्र पाठवलं नाही.

मग दावा की बोलणी? भागीदारी करारातून निघालेला वाद हा वाणिज्य न्यायालय अधिनियम, २०१५ प्रमाणे वाणिज्यिक वाद ठरतो, आणि तीन लाखांच्या वरच्या अशा दाव्याआधी, तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर, मध्यस्थीला जावंच लागतं. २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालाने ते बंधनकारक असल्याचं पक्कं केलं. पुष्कळ वकील याला कटकट समजतात. मला इथे ती सोय वाटली, कारण मध्यस्थीत जाणारा काळ मुदतीतून वगळला जातो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज दिला आणि मुदत थांबली. दिराला नोटीस गेली ती कोर्टाची नव्हती, त्यामुळे “घरातल्या बाईने कोर्टात खेचलं” हे वाक्यही टळलं. ते वाक्य एकदा नातेवाइकांत फिरलं की तडजोडीची किंमत दुप्पट होते, असा माझा अनुभव.

पहिल्या बैठकीत थोरल्याने ताळेबंद आणला. धाकट्याच्या भांडवल खात्यावर अकरा लाख. घे आणि मोकळी हो, असा सूर. पण ताळेबंदात मशीन घसारा वजा होऊन कवडीमोल दिसतात. दोन्ही बाजूंना चालेल अशा सीएने मृत्यूच्या तारखेला वर्कशॉपमध्ये काय होतं ते मोजलं: मशिनांची बाजारातली किंमत, शिल्लक माल, येणं, देणं. धाकट्याचा वाटा चोवीस लाखांवर गेला. त्यात प्लॉट धरला नव्हता. प्लॉट फर्मने कधी विकत घेतला नव्हता आणि सर्व मालकांनी तो भांडवल म्हणून घातलाही नव्हता. नुसता वापरल्याने तो फर्मचा होत नाही.

पुढचा पेच व्याजाचा. हिशोब न मिटवता राहिलेला भागीदार मयताच्या पैशावर धंदा चालवत राहिला तर भागीदारी अधिनियमाचं कलम ३७ वारसांना निवड देतं: त्या पैशामुळे झालेल्या नफ्यातला वाटा, नाहीतर वर्षाला सहा टक्के व्याज. चोवीस लाखांवर सहा टक्के म्हणजे वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार. महिन्याला बारा हजार.

मध्यस्थांनी हा आकडा फळ्यावर लिहिला आणि खोलीत शांतता पसरली. थोरला पंधरा देत होता. त्याला इतकी वर्षं ती स्वतःची मेहेरबानी वाटत होती, तिला मनातून ते उपकारही वाटत होते आणि फसवणूकही. दोन्हीही नव्हतं. तो नकळत व्याज भरत होता, थोडं जास्तच. तिला नफ्यातला वाटा मागता आला असता, तो अधिक निघाला असता. पण त्या नफ्यात थोरल्याची स्वतःची मेहनत किती आणि पैशाचा भाग किती हे वेगळं काढायला दुसरा सीए आणि आणखी सहा बैठका लागल्या असत्या. तिने तो सोडला. मी सोडू नका असं सुचवलं होतं, हेही नोंदवून ठेवतो.

ठरलं ते असं. पंधरा हजारांची पाकिटं व्याजापोटी, पुढे मागे काही नाही. चोवीस लाखांतले आईचे सहा लाख आईने थोरल्याकडेच ठेवले. उरलेले अठरा लाख अठरा महिन्यांत, मुलाच्या वाट्याचे सहा तो सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत. विम्याच्या दहापैकी साडेसात लाख लगेच. मध्यस्थीत सह्या झालेल्या या तडजोडीला लवाद निवाड्याचं बळ असतं. हप्ता चुकला तर नव्याने दावा नको, थेट अंमलबजावणी.

आईचं नाव कागदोपत्री सगळीकडे होतं, पण तिला कोणी काही विचारलं नव्हतं. तिसऱ्या बैठकीला मी आग्रहाने बोलावून घेतलं. काठी टेकत आली, सगळं ऐकलं. फ्लॅटमधले चार आणे सुनेला देणार का, असं मध्यस्थांनी विचारल्यावर म्हणाली, “माझे होते हे मला आत्ता कळतंय. तिचंच घर ते, तिला द्या.” मग थोडं थांबून थोरल्याकडे बघत, “आणि प्लॉटातले पाच आणे मी कोणाला देत नाही. ते राहू दे माझ्याकडे.” कोणी काही बोललं नाही. आठवड्याभरात फ्लॅटपुरतं तिचं हक्कसोडपत्र सुनेच्या नावे नोंदवून झालं. अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र तिचा ठसा ओळखेना, चौथ्या प्रयत्नात घेतला.

प्लॉट अजून तसाच आहे. मुलाचा एक आणा सज्ञान होईपर्यंत हलवायचा नाही, असं सगळ्यांनी मान्य केलं. भूमी अभिलेख कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज दिला तेव्हा १९९८ पासूनची चूक दुरुस्त करून ताईचं नावही घातलं. ताईंना तोवर कोणी काही सांगितलं नव्हतं. नोटीस घरी पोचल्यावर त्यांचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता, उत्सुकता होती. “वकीलसाहेब,” त्या म्हणाल्या, “हे चार आणे म्हणजे नक्की किती फूट होतात?”